स्क्रिप्ट अडली तर प्रश्न नेमका कुठे टाकायचा?

स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची फाइल, बॅशमध्ये लिहिलीय म्हणून प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, पॉवरशेल आहे म्हणूनही तिथेच, आणि पायथन असेल तर बघायलाच नको. नव्या पोरांचा हा हिशोब मी नेहमी बघतो. मग थोड्या वेळात प्रश्न बंद होतो, दोन-चार उणे मतं पडतात आणि पोरगं म्हणतं, "तिथले लोक फार तुसडे आहेत." असतील थोडे तुसडे. पण बहुतेक वेळा आपणच हळदीची पोती घेऊन बेदाण्याच्या सौद्यात उभे असतो. माल चांगला असतो, फक्त तो घेणारा तिथे नसतो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात काही आडत दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळतो. सौद्यांच्या याद्या, वजनाच्या नोंदी, रात्रीचा बॅकअप, पार्ट्यांना जाणारी बिलं, असं बरंच काही लहानसहान स्क्रिप्टांवर चालतं. काही लिनक्सवरच्या बॅशच्या, काही विंडोजवरच्या पॉवरशेलच्या, एखाद-दुसरी पायथनची. त्यामुळे एकाच ठिकाणी विचारून माझं भागत नाही. हाताखाली कुणी नवीन आलं की प्रश्न कसा लिहायचा हे मी नंतर शिकवतो, तो कुठे टाकायचा हे आधी.

आधी जागांची ओळख करून घेऊ. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं. तिथे प्रश्न प्रोग्रामिंगचाच लागतो. २००९ मध्ये त्याच घरातून सर्व्हर फॉल्ट आणि सुपर युजर निघाले. कामाच्या ठिकाणचे सर्व्हर, नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी सर्व्हर फॉल्ट, आणि साधा कॉम्प्युटर वापरणाऱ्या कुणासाठीही सुपर युजर. घरच्या राउटरचा किंवा हौसेनं उभ्या केलेल्या सर्व्हरचा प्रश्न सर्व्हर फॉल्टवर टाकलात तर तो बंद होणार, हे धरूनच चाला. २०१० मध्ये आस्क उबुंटू आणि युनिक्स अँड लिनक्स आले. आस्क उबुंटू हे फक्त उबुंटूचं (लिनक्सचं एक वितरण) आणि कुबुंटू, झुबुंटूसारख्या तिच्या अधिकृत भावंडांचं. मिंट उबुंटूवरच बेतलेली असली तरी तिचा प्रश्न तिथे घेत नाहीत, तो युनिक्स अँड लिनक्सवर न्यायचा. मुदत संपलेल्या उबुंटूबद्दल विचारलंत तर उत्तराऐवजी "आधी नवी आवृत्ती टाका" एवढंच ऐकायला मिळतं.

खरी गोची शेल स्क्रिप्टची (शेल म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा बॅशसारखा प्रोग्राम) आहे, कारण ती दोन्हीकडे चालते. युनिक्स अँड लिनक्सच्या विषयांत शेल स्क्रिप्टिंग उघड लिहिलेलं आहे, आणि स्टॅक ओव्हरफ्लोवर बॅशचा टॅग आहेच. पण त्या टॅगचं वर्णन कुणी वाचत नाही. त्यात सरळ म्हटलंय की स्क्रिप्टमध्ये एरर असेल तर आधी शेलचेक या स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणाऱ्या टूलमधून काढा, आणि टर्मिनलवर बसून बॅश वापरण्याबद्दलचे प्रश्न युनिक्स अँड लिनक्स किंवा सुपर युजर इथे जास्त शोभतात. टॅग लावायच्या आधी त्याचं वर्णन वाचायला मिनिटही लागत नाही, आणि निम्मा निर्णय तिथेच होतो.

उरलेला निम्मा निर्णय मी एका गोष्टीवर करतो. स्क्रिप्ट कोणत्या भाषेत आहे हे बाजूला ठेवायचं आणि बिघाड कुठे बसलाय ते बघायचं. त्यासाठी अडलेली एकच ओळ स्क्रिप्टमधून बाहेर काढा. ती त्याच यंत्रावर, त्याच फाइलवर, त्याच युजरने हाताने चालवा. तरीही चुकली तर गोष्ट त्या ओळीची किंवा त्या ओळीतल्या टूलची आहे. हाताने चालली आणि स्क्रिप्टमधून, शेड्युलरमधून किंवा दुसऱ्या यंत्रावर अडली, तर गोष्ट भोवतालच्या वातावरणाची आहे. मग शेवटचं विचारायचं: हेच काम मी दुसऱ्या भाषेत लिहिलं असतं तरी इथेच अडलो असतो का? अडलो असतो असं वाटलं तर स्टॅक ओव्हरफ्लो सोडून द्या.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते मराठीत काम करणाऱ्या कुणालाही भेटेल. आमच्याकडचे दिवाणजी मराठी कीबोर्डवर टाइप करतात. लॉट नंबर, पोत्यांचा आकडा, भाव, सगळं देवनागरी अंकांत. हिशोबाच्या सॉफ्टवेअरला मात्र इंग्रजी अंक लागतात. पहिल्यांदा सुचते ती टीआर कमांड: शून्य ते नऊ देवनागरी द्या, शून्य ते नऊ इंग्रजी घ्या. मॅकवर हे काम करतं. उबुंटूवर चालवलंत की फाइलीची गिचमिड होते. तिथलं टीआर ग्नू प्रकल्पाचं, ते अक्षरं बघत नाही, बाइट बघतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटचा असतो. इथे अडलात तर प्रश्न युनिक्स अँड लिनक्सचा. त्यात प्रोग्रामिंग नाही, एका टूलचा स्वभाव आहे, आणि मॅकचं टीआर वेगळं का वागतं हे सांगणारी माणसं तिथेच बसलेली असतात. स्टेफान शाझेला हे त्यांतलेच एक. २०१४ साली जगभर गाजलेली बॅशमधली शेलशॉक ही सुरक्षेची फट त्यांनीच शोधली. शेलमधला व्हेरिएबल अवतरणात न ठेवल्यानं काय काय होऊ शकतं, यावरचं त्यांचं तिथलं लांबलचक उत्तर मी पोरांना वाचायला लावतो.

तर टीआरऐवजी सेड या मजकूर बदलणाऱ्या टूलची वाय ही आज्ञा वापरली. एका बाजूला दहा देवनागरी अंक, दुसऱ्या बाजूला दहा इंग्रजी. उत्तम चाललं. पुढे एका पोराने ही स्क्रिप्ट डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात, टाकली आणि सेडने तक्रार केली की वायच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही. त्याने स्टॅक ओव्हरफ्लोसाठी प्रश्नही लिहून ठेवला होता, मथळा "सेड नीट चालत नाही" अशा अर्थाचा, टॅग बॅश. मी म्हटलं, टाकू नकोस, आधी ती ओळ कंटेनरच्या आत हाताने चालव. आत एरर, बाहेर नाही. ओळ तीच, फाइल तीच, म्हणजे फरक वातावरणाचा. मग भाषेची आणि अक्षरपद्धतीची मांडणी दाखवणारी लोकेल ही कमांड दोन्हीकडे चालवली. बाहेर यूटीएफ-८, आत पोझिक्स, म्हणजे प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर धरणारी मांडणी. कंटेनर ज्यातून बनतो त्या उबुंटूच्या मूळ इमेजमध्ये लँग हा व्हेरिएबल ठरवलेलाच नसतो, त्यामुळे सेडला एका बाजूला तीस बाइट दिसले आणि दुसऱ्या बाजूला दहा. लँगला सी डॉट यूटीएफ-८ दिलं आणि काम झालं.

समजा त्याला हे सापडलं नसतं, तर प्रश्न कुठला? कंटेनर आहे म्हणून डेव्हऑप्सच्या साइटवर धावायचं कारण नाही. कामाच्या ठिकाणची स्क्रिप्ट आहे म्हणून सर्व्हर फॉल्टवरही नाही. लोकेल आणि सेड, दोन्ही युनिक्स अँड लिनक्सच्या अंगणातले. आणि मथळ्यात सेड, कंटेनर, लोकेल हे तीन शब्द आले असते तर उत्तर लिहिणाऱ्याला प्रश्न उघडायचीही गरज पडली नसती.

लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचे प्रश्न याच चाळणीतून घ्या. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे त्याच्या कामांच्या यादीत, बॅकअपच्या फाइलीच्या नावाला तारीख जोडायला डेट कमांड लिहिली, टर्मिनलवर बरोबर चालली, क्रॉनमध्ये अर्धीच. क्रॉनटॅबच्या ओळीत परसेंटचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, आणि त्यापुढचा मजकूर कमांडच्या इनपुटला जातो. परसेंटच्या आधी बॅकस्लॅश हवा, नाहीतर सगळं वेगळ्या स्क्रिप्ट फाइलीत ठेवून क्रॉनमधून फक्त ती फाइल बोलवावी. यात बॅशचा काही दोष नाही. उबुंटू असेल तर आस्क उबुंटू, नसेल तर युनिक्स अँड लिनक्स. क्रॉनला कमांडच सापडत नाही, कारण त्याचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तुमच्या टर्मिनलपेक्षा तोकडा असतो, हाही त्याच जातीचा प्रश्न, फक्त तो इतक्यांनी विचारलाय की नव्याने विचारायची गरजच नाही.

अशा शिळ्या प्रश्नांची यादी मनात ठेवलेली बरी. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली आणि "इंटरप्रिटर सापडत नाही" अशी ओरड आली: ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे विंडोजचं अदृश्य चिन्ह राहिलंय. दुहेरी चौकोनी कंसाची अट सापडत नाही अशी ओरड आली: स्क्रिप्ट बॅशची आहे आणि तुम्ही ती एसएचने चालवताय, आणि उबुंटूवर एसएच म्हणजे २००६ पासून डॅश हा बॅशपेक्षा साधा शेल. नावात स्पेस असलेली फाइल तुटली: अवतरण राहिलंय. हे तिन्ही शेलचेक पकडतं, दुहेरी कंसाचा घोळ तर स्क्रिप्टची पहिली ओळ एसएचची लिहिलीत तरच पकडतं, पण पकडतं. असले प्रश्न कुठेही टाका, डुप्लिकेट म्हणूनच बंद होणार, आणि ते बरोबरच आहे.

विंडोजकडे वळलं की कसोटी जरा फसवी होते. दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. एका दुकानात पॉवरशेलची स्क्रिप्ट झेड ड्राइव्हवर, म्हणजे झेड हे अक्षर देऊन मॅप केलेल्या नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये, फाइल टाकते. हाताने चालते, टास्क शेड्युलरमधून चालत नाही. मॅप केलेला ड्राइव्ह तुमच्या लॉगिनच्या सत्रापुरता असतो, शेड्युलर दुसऱ्या सत्रात काम करतो, तिथे झेड नावाचं काही नसतंच. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावानिशी पूर्ण नेटवर्क पाथ दिला की भागतं. घरचा पीसी असेल तर हा सुपर युजरचा प्रश्न, ऑफिसचं डोमेन असेल तर सर्व्हर फॉल्टचा. स्क्रिप्ट पायथनची असती तरी हेच झालं असतं.

दुसरा प्रसंग: स्क्रिप्टमध्येच मराठी मजकूर लिहिलाय, बिलावर "एकूण पोती" छापायचं आहे आणि छापताना भलतीच चिन्हं येतात. वरवर बघता हा सिस्टिमचा घोळ वाटतो. पण विंडोज पॉवरशेल ५.१ ही बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची युनिकोडची खूण) नसलेली फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचत नाही, विंडोजच्या जुन्या कोडपेजप्रमाणे, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्याप्रमाणे, वाचते. पॉवरशेल ७ तीच फाइल बरोबर वाचते. म्हणजे भाषा आपली सोर्स फाइल कशी वाचते हा प्रश्न झाला, आणि तो चक्क स्टॅक ओव्हरफ्लोचा. पायथन ३ मध्ये हे झालंच नसतं, कारण ती सोर्स फाइल यूटीएफ-८ धरूनच चालते.

बाकीच्या जागा झटपट सांगतो. स्क्रिप्ट नीट चालते, पण ती वाईट लिहिलीय असं वाटतं: कोड रिव्ह्यू. तिथे मोडका कोड चालत नाही, आणि दुसऱ्याचा उचललेला कोडही चालत नाही, तो तुमचा हवा. एआयकडून लिहून घेतलेली, तुम्हाला न समजलेली स्क्रिप्ट तिथे नेऊन ठेवू नका. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीने लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी घातली, तेव्हा या बाबतीत तिथली मंडळी किती हळवी आहेत ते ओळखा. बॅकअपच्या स्क्रिप्टमधला प्रश्न खरं तर मायएसक्यूएल डेटाबेसच्या डंपचे पर्याय कोणते द्यावेत हा असेल, तर डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर्स. "यासाठी सगळ्यात चांगलं टूल कोणतं" हा प्रश्न यांपैकी बहुतेक जागांवर बंद होतो. त्यासाठी सॉफ्टवेअर रेकमेंडेशन्स वेगळी आहे, आणि तिथेही गरजा नेमक्या लिहाव्या लागतात. गूगल शीटमधला साधा फॉर्म्युला वेब ॲप्लिकेशन्सवर चालतो, ॲप्स स्क्रिप्टचा कोड असेल तर स्टॅक ओव्हरफ्लोवर.

एवढं करूनही दोन जागांत मन अडकतं. तेव्हा दोन्हीकडे टाकून बघू असं करू नका. तोच प्रश्न एकाच वेळी दोन साइटवर दिसला की दोन्हीकडचे लोक चिडतात, आणि त्यांचं खरं आहे: एकाने तासभर घालवून उत्तर लिहायचं आणि दुसरीकडे ते आधीच मिळालेलं असायचं. त्यापेक्षा दोन्ही साइटवर आपल्या प्रश्नाचे मुख्य शब्द टाकून शोधा. सारखे प्रश्न जिथे उघडे आहेत आणि त्यांना उत्तरं मिळालीत, ती तुमची जागा. नियमांच्या पानापेक्षा हा पुरावा जास्त भरवशाचा.

तरी चुकीच्या जागी पडलाच, तर फ्लॅग लावून मॉडरेटरला हलवायला सांगा. प्रश्न साठ दिवसांपेक्षा जुना झाला की हलवता येत नाही, म्हणून महिनोन् महिने वाट बघत बसू नका. आणि मुळात प्रश्न धड लिहिलेला नसेल तर तो कुणी हलवणारही नाही. दुसऱ्याच्या दारात कचरा टाकायला कोण जाईल? उत्तर आलेलं नसेल तर काढून टाकून दुसरीकडे नव्याने लिहिता येतो, पण ही सवय लावून घेऊ नका. स्टॅक ओव्हरफ्लोवर पडेल प्रश्न काढून टाकले तरी ते तुमच्या खात्यावर मोजले जातात आणि एक दिवस प्रश्न विचारायचंच बंद होतं. दुसरीकडे नेताना मजकूरही बदला. युनिक्स अँड लिनक्सच्या माणसाला वितरण, शेल आणि टूलची आवृत्ती हवी असते. सर्व्हर फॉल्टच्या माणसाला किती यंत्रं आहेत, डोमेन कसं आहे, कोणत्या अकाउंटने चालतं हे हवं असतं.

आता भाषेचं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी शाखा आहेत, मराठी किंवा हिंदी नाही. मूळ साइटवर इंग्रजीतच लिहावं लागतं. त्याचा बाऊ करू नका. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, ही तीन वाक्यं आणि कोड, एवढ्याने चालतं. देवनागरी मजकूर नमुना म्हणून बिनधास्त द्या, पण दोनच ओळी द्या आणि त्यांचा हेक्स डंपही, म्हणजे फाइलीतल्या बाइटांचे आकडे, जोडा. वाचणाऱ्याला ते अक्षर ओळखता येत नसलं तरी बाइट ओळखता येतात. एररचा मोबाइलवर काढलेला फोटो टाकू नका, मजकूर टाका.

नमुन्यात खऱ्या पार्टीचं नाव, फोन नंबर, पॅन, सर्व्हरचा पत्ता काहीही जाऊ देऊ नका. इथे टाकलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातो, आणि नंतर दुरुस्ती केली तरी जुनी आवृत्ती इतिहासात कुणालाही दिसते. पासवर्ड गेलाच तर आधी पासवर्ड बदला, प्रश्न मग दुरुस्त करा.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर मी प्रश्न विचारत नाही, "हे कुठे विचारू?" एवढं जरूर विचारतो. त्याला चटकन उत्तर मिळतं. बॅशच्या गप्पा मारायच्या असतील तर लिबेरा चॅट या गप्पांच्या नेटवर्कवर बॅशचं चॅनल आहे. तिथे उलटतपासणी होते, पण प्रश्न घासूनपुसून निघतो.

आणि टूलच चुकतंय अशी खात्री पटली तर यांपैकी कुठलीच जागा नाही. पॉवरशेल ७ आणि शेलचेक यांच्या तक्रारी त्यांच्या गिटहबवर जातात. बॅशसाठी ग्नूच्या दोन मेलिंग लिस्ट आहेत, मदतीसाठी हेल्प-बॅश आणि दोषांसाठी बग-बॅश. बॅशबरोबर बॅशबग नावाची कमांडही येते, ती आवृत्ती आणि यंत्राचा तपशील स्वतःच भरून देते. पाठवण्याआधी तोच प्रकार ताज्या आवृत्तीवर होतो का ते बघा. मॅकसोबत येणारं बॅश ३.२ ही मालिका २००६ सालची आहे, शब्दांची किल्ली लावून वापरायचे ॲरे त्यात नाहीतच, ते ४.० मध्ये आले. होमब्रू या मॅकवर सॉफ्टवेअर टाकायच्या टूलने नवीन बॅश घ्या, स्क्रिप्टची पहिली ओळ त्याच्याकडे वळवा आणि पुन्हा चालवा.